मलप्रभेच्या काठाकाठानं: भोगी, संक्रांत आणि कर

बेळगाव शहराला नदी नाही. बळ्ळारी नाला आहे, पण त्यात पर्वस्नान करायचं कुणाच्या मनातही येणार नाही. त्यामुळे संक्रांत आली की आमच्याकडची माणसं डबे बांधून शहराबाहेर पडतात. कुणी गोकाकला घटप्रभेवर, कुणी हिडकलच्या जलाशयावर, कुणी खानापूरला मलप्रभेवर. अंगाला तीळ-हळद चोळायची, पाण्यात बुडी मारायची, काठावर बसून जेवायचं आणि संध्याकाळी तिळगूळ वाटायला घरी हजर व्हायचं. हे दरवर्षीचं ठरलेलं.

त्या वर्षी, म्हणजे जानेवारी 2025 मध्ये, प्रयागला महाकुंभ होता. तो पौष पौर्णिमेला सुरू झाला आणि ती पौर्णिमा नेमकी भोगीदिवशीच आली. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या निम्म्या बायका रेल्वेची तिकिटं काढून बसलेल्या. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. चार दिवस त्या गप्प होत्या, मग एका रात्री जेवताना म्हणाल्या, "गंगा नाही तर नाही. मला मलप्रभेला तरी नीट भेटवा. नुसतं खानापूरच्या घाटावर बुडी मारून परत नको. उगमापासनं धरणापर्यंत."

त्यांच्या हिशेबानं कणकुंबी हे नदीचं माहेर आणि सौंदत्ती सासर. सणाला लेकीची ओटी आधी माहेरात भरायची, मग पुढचं. नवऱ्यानं रजा टाकली, जावेनं जांबोटीकडच्या तिच्या माहेरी फोन लावला, आणि ठरलं.

ज्यांना नकाशा डोळ्यापुढं हवा त्यांच्यासाठी: मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. खानापूर, एम. के. हुबळी (हे वेगळं गाव, हुबळी शहर नव्हे) करत पूर्वेला जाते. सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाला तिच्यावर धरण आहे. तिथून ती बागलकोट जिल्ह्यात शिरते, पट्टदकल आणि ऐहोळेच्या देवळांशेजारनं वाहते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. सगळा मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. आम्ही केला तो त्याचा वरचा भाग.

भोगी, सोमवार 13 जानेवारी

पिरनवाडी, किणये मागे पडलं तसं धुकं लागलं. चोर्ला घाटाच्या या रस्त्याबद्दल जास्त बोलत नाही. ज्यांनी खड्डे खाल्लेत त्यांना माहीत आहे, ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांनी कंबरेला उशी घ्यावी. जांबोटीला चहा आणि गरम मिरची भजी. शेजारच्या दुकानापुढं रताळ्यांची रास पडली होती, लाल माती अजून ओली. जावेनं मोजून न घेता पिशवीभर घेतली. "आमच्याकडं रताळं न्यायचं म्हणजे खरं तर वेडेपणाच हाय," असं म्हणत घेतली.

जांबोटीच्या पुढं झाडी दाटते आणि मोबाईलची रेंज जाते. काजूला मोहर यायला लागलेला. एका वळणावर शेणाचे मोठाले पो पडलेले दिसले. गवे रात्री रस्ता ओलांडून गेले होते.

कणकुंबीत माउली देवीचं देऊळ मोठं, प्रशस्त, आणि त्या सकाळी जवळजवळ रिकामं. बारा वर्षांनी इथं जी यात्रा भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते म्हणे, पण भोगीदिवशी आम्ही, एक गुरव आणि शाळेला सुट्टी असलेली चार पोरं. देवळाजवळच कुंड. चिऱ्याच्या पायऱ्या, शेवाळ, तळाशी पडलेली पानं स्पष्ट दिसावीत इतकं निवळ पाणी. पुढं जाऊन सौंदत्तीचं एवढं मोठं धरण भरणारी नदी ती हीच, यावर जावेच्या मुलाचा विश्वास बसेना. त्यानं गुरवांना विचारलंच, "काका, बाकीची नदी कुठाय?"

सासूबाईंनी ओटी काढली. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि भोगीचं म्हणून सुगडात बोरं, गाजराचे तुकडे, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे. त्या पायरी उतरून ती पाण्यात सोडणार, तेवढ्यात गुरव वरूनच म्हणाले, "आई, पाण्यात काय सोडू नका हां."

सासूबाई थबकल्या. नदीची ओटी नदीत नाही तर कुठं?

"खण-नारळ देवीपुढं ठेवा. पाण्याला हळदकुंकू बोटानं लावा, तेवढं पुरे. आमी पण तेवढंच करताव. इथनं घाण सुरू झाली तर खाली काय ऱ्हायाचं?"

वाक्य साधं होतं, पण पुढचा सगळा प्रवास मी त्याच चष्म्यातून बघितला, हे आत्ताच सांगून टाकते. सासूबाईंनी वाद घातला नाही. ओटी देवीपुढं ठेवली, बोटानं पाण्याला हळद आणि कुंकू टेकवलं. हळदीचा एक पिवळा ठिपका क्षणभर पाण्यावर तरंगला, मग पसरत पसरत नाहीसा झाला. गुरवांना विचारून त्यांनी पितळेच्या गडूत पाणी भरून घेतलं. झाकण घट्ट लावून वर कापड बांधलं.

देवळाबाहेर कट्ट्यावर एक आजोबा ऊन खात बसले होते. आम्ही बेळगावचे म्हटल्यावर त्यांनी थेट कळसा-भांडुराचा विषय काढला. इथल्या माणसाला दुसरा विषय सुचत नाही आणि त्यात नवल नाही. कळसा आणि भांडुरा हे म्हादईला मिळणारे नाले. त्यांचं पाणी वळवून मलप्रभेत सोडायचं, म्हणजे खाली हुबळी-धारवाडला प्यायला पाणी वाढेल, ही कर्नाटकाची योजना. गोव्याचा विरोध, कारण म्हादई ही त्यांची जीवनवाहिनी, तिकडं तीच मांडवी होते. म्हादई पाणीतंटा लवादानं 14 ऑगस्ट 2018 ला निवाडा दिला. त्यात कळसातून 1.72 आणि भांडुरातून 2.18 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात न्यायला मुभा मिळाली. पण आम्ही गेलो तेव्हा मामला सर्वोच्च न्यायालयात होता, जंगलाच्या परवानग्यांचा प्रश्न वेगळाच. कणकुंबीत खोदकामाच्या खुणा अजून दिसतात, आणि मातीच्या ढिगांवर आता रान माजलंय.

"पाणी आमचं, भांडण तुमचं," आजोबा म्हणाले आणि हसले. मग सासूबाईंच्या हातातला गडू बघून म्हणाले, "तुमी न्हेलासा तेवढ्याला कोण केस घालणार नाही."

*जाणाऱ्यांसाठी:* बेळगावातून कणकुंबीला बस आहे, शिवाय चोर्ल्यावरून गोव्याला जाणाऱ्या गाड्याही इथून जातात. परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. पेट्रोल बेळगावातच भरा. हा सगळा पट्टा भीमगड अभयारण्याला लागून आहे. 2011 मध्ये अभयारण्य जाहीर झाल्यापासून आतल्या रस्त्यांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा एखादा धबधबा "जवळच आहे" असं कुणी सांगितलं तरी गाडी आत घालू नका. आणि देवळात जेवायची सोय गृहीत धरू नका, डबा न्या.

आमचा डबा मात्र जावेच्या माहेरी तयार होता. भोगीची भाकरी म्हटली की तिकडं महाराष्ट्रात बाजरी. खानापूरच्या या भागात पिकतो भात, त्यामुळे इथं तीळ लावलेली तांदळाची भाकरी. चुलीवरची, कडेनं किंचित करपलेली, आणि तीळ तव्यावर तडतडून खरपूस झालेले. भोगीच्या भाजीत वांगी, पावटा, गाजर, घेवडा, ओल्या हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाण्याचं कूट; शिवाय आंबाडीची भाजी आणि लोण्याचा गोळा. जावेच्या आईनं सासूबाईंना वाढताना "घ्या की वो, येवढीशी भाकरी काय" हे इतक्यांदा म्हटलं की शेवटी सासूबाईंनी ताटावर आडवा हात धरला, तर त्या हातावरच भाकरी ठेवली गेली.

रात्री कडाक्याची थंडी. अंगणात शेकोटी, निखाऱ्यात जांबोटीचीच रताळी, आणि वर पौर्णिमा. जावेचे वडील गव्यांच्या गोष्टी सांगत होते: उसात शिरले की दोन रात्रीत पीक झोपवतात, फटाक्याला आता भीत नाहीत, आणि नुकसानीचे कागद भरता भरता पुढचा हंगाम येतो. जावेच्या मुलानं मोबाईलवर प्रयागचं स्नान दाखवायचा प्रयत्न केला. रेंजअभावी चित्र अर्ध्यावर अडकलं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. आपलं उद्या आहे."

संक्रांत, मंगळवार 14 जानेवारी

पहाटे हब्बनहट्टी. स्वयंभू मारुतीचं हे देऊळ अगदी नदीच्या पात्रात आहे. पावसाळ्यात मलप्रभा चढली की देऊळ पाण्याखाली जातं आणि पेपरात फोटो येतो. जानेवारीत तेच देऊळ खडकांवर कोरडं उभं, आणि नदी दगडांच्या मधून वाट काढत जाते. पायऱ्यांवर सासूबाईंना दोन्हीकडून धरावं लागलं, पण खाली पोचल्यावर त्यांचा उत्साह बघण्यासारखा.

आदल्या रात्री वाटलेले तीळ आणि हळद मी डब्यातून आणली होती. पाण्यात पाय घातला आणि पोटऱ्यांपर्यंत कळ गेली. सासूबाई गुडघाभर पाण्यात दगडाला धरून बसल्या. "गंगे च यमुने चैव" पुटपुटल्या आणि तांब्यानं डोक्यावर पाणी ओतून घेतलं. नवरा काठावरून "बास आई, सर्दी होईल" म्हणत राहिला आणि स्वतः मात्र नुसते पाय धुऊन वर आला. त्याला सगळ्या बायकांनी मिळून जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

इथं गर्दी अशी नव्हतीच. खानापूरकडची दोन-तीन कुटुंबं, दुचाकीवरून आलेली कॉलेजची पोरं. एका बाईनं कणकुंबीच्या गुरवांसारखंच केलं, पाण्याला नुसतं कुंकू लावलं. दुसरीनं प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य भिरकावलं. ती पिशवी एका खडकाला अडकून फडफडत राहिली, आणि जावेचा मुलगा पँट वर करून ती काढायला गेला. कुणी सांगितलं नव्हतं.

*सावधगिरी:* हब्बनहट्टीला दगड निसरडे आहेत आणि मधेमधे डोह आहेत. दिसायला पाणी घोट्याएवढं, पुढच्या पावलाला कमरेएवढं. पोहता येतं म्हणून उडी मारू नका. पावसाळ्यात तर खाली उतरूच नका.

खानापुरात थांबलो ते इडली खायला. असोग्याच्या रामेश्वराचं दर्शन घेतलं. तिथं नदी छान पसरट आहे, जवळून रेल्वेचा पूल जातो आणि सहलीचे ट्रक आधीच येऊन ठेपले होते. स्पीकर ऐकून आम्ही काढता पाय घेतला. असोग्याला जायचं तर साध्या दिवशी जावं.

पारिश्वाडच्या पुढं माती बदलते. लाल जाऊन काळी येते, भाताच्या जागी ऊस, ज्वारी, हरभरा, आणि रस्त्यावर माणसांच्या तोंडी कन्नड. एकाच तालुक्याच्या कडेवर हा बदल इतक्या लवकर होतो की खिडकीतनं बघताना लक्षात येतो. उसाचे जोडट्रॉलीवाले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले; हंगामात या रस्त्यावर घाई करण्यात अर्थ नाही.

एम. के. हुबळीला पोचलो आणि संक्रांत म्हणजे काय ते दिसलं. नदीकाठी अश्वत्थ लक्ष्मी-नरसिंहाचं देऊळ, त्याची जत्रा, आणि दोन्ही काठांवर माणूसच माणूस. बैलहोंगल, कित्तूर, धारवाडकडची खेडीच्या खेडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरत होती. ट्रॉलीत घोंगड्या, बादल्या, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्यांच्या चवडी, म्हाताऱ्या, तान्ही बाळं, एका ट्रॉलीत तर शेळीसुद्धा. पोरांच्या हातात ऊस, बायकांच्या डोक्यात शेवंती.

नदीपात्रात गंगाम्बिकेचा ऐक्यमंटप, म्हणजे समाधीस्थान आहे. बसवेश्वरांच्या पत्नी गंगाम्बिका. बाराव्या शतकात कल्याणात (आजचं बसवकल्याण) उलथापालथ झाल्यावर शरण मंडळी, म्हणजे बसवेश्वरांचे अनुयायी, पांगली, तेव्हा त्यांचा शेवट इथं झाला असं लिंगायत समाज मानतो. पात्रातच विहिरीसारखं बांधकाम करून ते स्थान राखलंय. त्यामुळे या घाटावर एकाच सकाळी कुणी नरसिंहाला नारळ फोडतं, कुणी गंगाम्बिकेला विभूती वाहतं, आणि बहुतेक माणसं दोन्ही करतात. सासूबाईंनीही दोन्ही केलं.

आम्ही झाडाखाली सतरंजी टाकली. शेजारी एक मोठं कुटुंब, त्यातल्या अक्का काठावरून पाच खडे वेचत होत्या. साधेच खडे, पण चांगले दोन-दोनदा बघून घेतलेले, गुळगुळीत. ते त्यांनी धुतले, ओल्या मातीच्या छोट्या कट्ट्यावर ओळीनं मांडले, प्रत्येकाला हळद, कुंकू, वर तिळाचे चार दाणे, समोर हिरव्या बांगड्या आणि खण. झाली गंगा. मग पानावर नैवेद्य वाढला: शेंगाची होळगी (शेंगदाणा-गुळाची पोळी), सज्जीची, म्हणजे बाजरीची, तीळ लावलेली कडक भाकरी, मादली (गहू-गुळाचा गोड चुरमा), गाजर, वांग्याची भाजी, दही. जावेला कन्नड येतं, मला बाजारापुरतं, सासूबाईंना भाजीवालीशी भांडण्यापुरतं. पण त्या खड्यांपाशी जाऊन बसल्या आणि त्यांचं जमलं.

कधीतरी गडूचा विषय निघाला. जावेनं सांगितलं, कणकुंबीचं पाणी आहे, उगमाचं. त्या घरातल्या अज्जी, ऐंशीच्या तरी असतील, हे ऐकून पुढं सरकल्या. जन्म या नदीच्या काठी गेला, लग्न होऊन आल्या ते याच पाण्यावर, पण नदी सुरू कुठं होते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "तिथं केवढी आहे?" त्यांनी विचारलं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी कुंडाएवढं अंतर दाखवलं. अज्जींनी गडू दोन्ही डोळ्यांना लावला, आणि मग काही न विचारता आपला रिकामा तांब्या पुढं केला.

सासूबाईंनी ते पाणी सौंदत्तीला न्यायचं ठरवलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, कापड सोडलं आणि अर्धं पाणी ओतलं. उरलेलं पाच खड्यांवर घातलं. मग अज्जींनी त्यांच्या गालाला, हाताला तीळ-हळद लावली आणि आम्हा सगळ्यांना जेवायला बसवलं. आमचा डबा उघडायचा राहूनच गेला. शेंगाची होळगी मी आजवर बरीच खाल्ली आहे, इतकी पातळ आणि खुसखुशीत क्वचितच. गूळ जरा काळसर होता. घरचाच, असं अक्का म्हणाल्या.

आता दुसरी बाजू. जेवण होईपर्यंत पाण्याकडं बघवेना. स्नान झालं की अंगावरचे जुने कपडे नदीत सोडायची इथं रीत आहे; पीडा जाते म्हणतात. पीडा जात असेल, कपडे जात नाहीत. लुगडी, शर्ट, परकर, दगडांना गुंडाळलेले, चिखलात अर्धे पुरलेले. त्यात द्रोण, अगरबत्तीचे पुडे, शांपूच्या पुड्या, देवाचे फुटके फोटो. कमरेएवढ्या पाण्यात एक मुलगा दोरीला बांधलेलं लोहचुंबक फेकत होता. ओढलं की त्याला चिकटून नाणी यायची, सोबत गंजलेल्या पिना आणि बांगड्यांची तार. नाणी खिशात, बाकीचं परत पाण्यात. मी म्हटलं, ती तार तरी बाहेर टाक. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढची तार माझ्या पायाशी आणून टाकली. त्यानंतर प्रत्येक वेळी. निघेपर्यंत माझ्यापुढं भंगाराचा लहानसा ढीग झाला होता आणि नवरा विचारत होता, हे आता गाडीत घ्यायचं का. घेतलं.

नदी वर एवढुशी असताना तिच्यात काही सोडायचं नाही हे गुरवांना कळतं. खाली ती मोठी झाली की आपल्याला वाटतं, आता काहीही मावेल. माझं मत विचाराल तर घाटावर एक माणूस उभा करून कपडे गोळा करायला मोठी टोपली ठेवली तरी निम्मं काम होईल. भाविक ऐकत नाहीत हे खरं नाही. पिशवी अडवायला कुणी उभंच नसतं.

*जाणाऱ्यांसाठी:* एम. के. हुबळी पुणे-बेंगळुरू महामार्गावर, बेळगावहून तासाभराच्या आत. संक्रांतीला नऊच्या आत पोचा. नंतर गाडी लांब लावून चालावं लागतं. बायकांना कपडे बदलायला आडोसा अपुरा पडतो, दोन मोठ्या चादरी आणि चार पिना बरोबर ठेवा. ज्येष्ठ असतील तर प्लास्टिकची घडीची खुर्ची न्या, गुडघाभर पाण्यात तीच मांडून बसवता येतं. आणि कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका.

रात्री बैलहोंगलला नवऱ्याच्या मित्राकडं मुक्काम. शेजारची पोरं नवे कपडे घालून तीळ-हलवा वाटत दारोदार फिरत होती, मोठ्यांच्या पाया पडत होती. कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी याच गावात आहे. रात्री बंद होती, सकाळी निघताना बाहेरून नमस्कार केला.

कर, बुधवार 15 जानेवारी

करीदिवशी प्रवास करू नये. हे आम्हाला सकाळी सहाला फोन करून सासूबाईंच्या बहिणीनं सांगितलं. सासूबाई दोन मिनिटं विचारात पडल्या, मग फोनवर म्हणाल्या, "आम्ही निघालो सोमवारी. मधे कर आडवी आली, त्याला आम्ही काय करणार?" शास्त्रार्थ संपला.

नवीलतीर्थाला वारा जोरात. दोन्ही बाजूंना लाल-तपकिरी खडकाचे कडे आणि त्यांच्या मधल्या फटीतून नदी. इथली गोष्ट धरणाजवळ चहा विकणाऱ्या काकांनी सांगितली, कन्नडमध्ये, हातवारे करत. नदी पूर्वेला निघाली तर वाटेत डोंगर. डोंगरावर मोर बसला होता, तो तिला हसला: आता कशी जाशील? नदीला राग आला, तिनं डोंगरच चिरला आणि मोरासकट पुढं गेली. कन्नडमध्ये नविलू म्हणजे मोर, म्हणून हे मोराचं तीर्थ. जावेच्या मुलाला कणकुंबीचं कुंड आठवत असावं, तो कड्याकडं बघत म्हणाला, "एवढुशी होती तेव्हा हसला असेल."

धरणाच्या जलाशयाला रेणुकासागर म्हणतात. पूर्ण साठा 37.73 टीएमसी. हुबळी-धारवाडचे नळ यावर चालतात, आणि कालवे नरगुंद-नवलगुंदकडं जातात. त्याच लाभक्षेत्रात 1980 मध्ये पाण्यावरच्या कराविरुद्ध शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन पेटलं होतं. चहावाले काका तेव्हा शाळेत होते आणि एसट्या बंद झाल्याचं तेवढं त्यांना आठवतं. वर कणकुंबीत "पाणी आमचं" म्हणणारे आजोबा, आणि इथं काका म्हणतात, पाऊस दगा देतो, वरून आणखी पाणी यायलाच हवं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. मध्ये अंतर फार तर दीडशे किलोमीटरचं.

जलाशयाच्या काठावर सासूबाईंनी दुसरी ओटी काढली. पाण्यात सोडली नाही. हळदकुंकू बोटानं लावलं आणि खण-नारळ पिशवीत परत ठेवून म्हणाल्या, "यल्लम्माला देऊ."

यल्लम्माचा, म्हणजे रेणुकादेवीचा डोंगर तिथून जवळच. शहाणी माणसं पौर्णिमेला, मंगळवारी आणि शुक्रवारी इथं यायचं टाळतात. आमच्या आधी लागोपाठ बनद हुण्णिमा (पौष पौर्णिमा) आणि मंगळवार होऊन गेलेले, त्यामुळे बुधवारी गर्दी ओसरायला लागलेली, पण डोंगर अजून पिवळाच होता. पायऱ्या, दुकानं, बैलांची शिंगं, पोलिसाची टोपी, सगळीकडं भंडारा. "उदो ग आई उदो" म्हणत कोल्हापूर, इचलकरंजीकडच्या गाड्या निघायच्या तयारीत होत्या. तीन दगडांच्या चुलीवर शेवटचं जेवण शिजत होतं.

त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सासूबाईंना रेणुकेची गोष्ट ऐकवली, जी त्यांना पाठ होती, पण त्यांनी पहिल्यांदा ऐकावी तशी ऐकली. रेणुका रोज पहाटे मलप्रभेवर जायची, ओल्या वाळूची घागर घडवायची, नागाची चुंबळ करायची आणि जमदग्नींच्या पूजेला पाणी आणायची. मन विचललं त्या दिवशी घागर ढासळली. "वाळूची घागर, बघा," बाई म्हणाल्या. "मातीची न्हाई, तांब्याची न्हाई. नदीतनं घेतलं ते नदीतच गेलं. आमच्या प्लॅस्टिकच्या घागरी बघा, जल्मात जात न्हाईत." एवढं बोलून त्यांनी प्लास्टिकच्याच घागरीतलं पाणी आम्हाला प्यायला दिलं, आणि आपल्याच बोलण्यावर खळखळून हसल्या.

दर्शनाला तासभर रांग. खण-नारळ वाहिला, परडीत पीठ-मीठ घातलं. खाली जोगुळबावीजवळ गाडी लावली होती. यल्लम्माला जाणारे भाविक आधी तिथं अंघोळ करतात, आम्ही उलट्या क्रमानं हातपाय धुतले.

*शेवटच्या चार गोष्टी:* सौंदत्तीहून बेळगावला यरगट्टीवरून परतायला अडीच तास धरा, ऊस हंगामात तीन. डोंगरावर चपला सांभाळायला देताना खूणचिठ्ठी घ्या. भंडारा कपड्यांवरून निघतो, गाडीच्या सीटवरून निघत नाही, जुनं बेडशीट अंथरून ठेवा. पट्टदकल, ऐहोळे आणि कूडलसंगम जोडायचं असेल तर सौंदत्तीतूनच पुढं जा, बेळगावला येऊन परत जाण्यात दिवस मोडतो. आमची रजा संपली होती म्हणून आम्ही परत फिरलो. बांगड्यांच्या तारा आणि पिनांचं ते गाठोडं गुरुवारी सकाळी भंगारवाल्याला दिलं. त्यानं वजन न करताच वीस रुपये टेकवले.